सुझुकी पद्धती

तीन-चार वर्षांच्या मुलांना, नोटेशन वाचता येण्याच्या कितीतरी आधी, कानाच्या भरवशावर वाद्य शिकवणारी जपानी पद्धती. व्हायोलिनवादक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) हे तिचे जनक. त्यांचे वडील मासाकिची यांचा नागोयात व्हायोलिनचा कारखाना होता. तरी शिनिची यांनी हे वाद्य मनावर घेतले ते सतराव्या वर्षी, व्हायोलिनवादक मिशा एल्मन यांची ध्वनिमुद्रिका ऐकल्यावर. पुढे बर्लिनला जाऊन ते कार्ल क्लिंगलर यांच्याकडे शिकले.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तोशिया एतो या चार वर्षांच्या मुलाला त्याचे वडील सुझुकींकडे घेऊन आले. एवढ्याशा पोराला शिकवायचे कसे, या पेचातून पद्धतीचे सूत्र निघाले: जपानमधले प्रत्येक मूल अवघड जपानी भाषा सहज बोलते, कारण ती त्याच्या कानावर सतत पडते आणि बोबड्या बोलांचेही घरात कौतुक होते. संगीतही असेच का येऊ नये? एतो पुढे नामांकित व्हायोलिनवादक झाले. महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, मात्सुमोतो या डोंगराळ भागातल्या गावात सुझुकींच्या शाळेचे काम सुरू झाले.

शिक्षणाची सुरुवात मुलापासून होत नाही. आधी आई किंवा वडील व्हायोलिन धरायला आणि एखादी सोपी धून वाजवायला शिकतात. मूल नुसते बघते, आणि ‘मलापण’ म्हणेपर्यंत त्याच्या हाती वाद्य देण्याची घाई करायची नाही. घरात धड्यांच्या ध्वनिमुद्रिका रोज लावलेल्या असतात. अनेक शिक्षक पहिले काही आठवडे खोक्याला पट्टी चिकटवून केलेले खोटे व्हायोलिनच देतात. खरे वाद्य मुलाच्या हाताच्या मापाचे असते; सर्वांत लहान मापांपैकी एकाला १/१६ म्हणतात.

पहिला धडा ‘ट्विंकल ट्विंकल’चा, पण सरळ चालीत नव्हे. प्रत्येक स्वरावर ‘टाकाटाका टाटा’ अशा लयीत, गजाच्या मधल्या भागाने, आखूड फटके मारायचे. लांब गज सरळ ओढणे लहान हाताला जड जाते, आखूड फटका जमतो. धून ए मेजर या पाश्चात्त्य स्वरश्रेणीत बसवली आहे, त्यामुळे वरच्या दोन्ही तारांवर बोटे सारख्याच जागी पडतात. पुढचा पाठ आला म्हणून मागचा सुटत नाही. जुने पाठ रोज वाजवायचे आणि दर वेळी त्यांतली एखादीच गोष्ट सुधारायची. दहा भागांच्या व्हायोलिन अभ्यासक्रमाचा शेवट मोझार्टच्या कॉन्चेर्टोंनी (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांनी) होतो. आधी पढंत (बोल तोंडाने म्हणणे), मग हात, या वाटेने तबला शिकलेल्यांना कानाने शिकण्याचे अप्रूप वाटणार नाही. या पद्धतीतले खरे नवेपण पालकाला दिलेल्या जागेत आहे.

१९५८ मध्ये अमेरिकेतील ओबर्लिन कॉलेजात शेकडो जपानी मुले एकत्र बाख या जर्मन संगीतकाराची रचना वाजवत असल्याची फिल्म दाखवली गेली, आणि पुढच्याच वर्षी जॉन केंडल हे शिक्षक सुझुकींचे काम बघायला जपानला गेले. १९६४ मध्ये सुझुकी स्वतः मुलांचा चमू घेऊन अमेरिकेत आले. ही पद्धती चेलो, पियानो, बासरी, गिटार अशा वाद्यांपर्यंतही पोचली.

टीकाही पुष्कळ झाली. एका तालात गज हलवणारी मुलांची रांग पाहून अनेकांना कवायत आठवली. हा आक्षेप बराचसा छायाचित्रांवरून आलेला आहे: समूहवादन असते, पण मुख्य पाठ एकेका मुलाचा स्वतंत्र होतो. नोटेशन वाचायला उशीर होतो ही तक्रार मात्र खोटी नाही. कानाने चटकन उचलणाऱ्या मुलाला कागद बघण्याचा कंटाळा येतो, आणि ऑर्केस्ट्रात बसल्यावर तो अडतो. म्हणून आज बरेच सुझुकी शिक्षक वाचनाचे धडे लवकर सुरू करतात. दुसरी अडचण घरातली. रोज मुलाजवळ बसून रियाज करून घेणारे माणूस ही पद्धती गृहीत धरते, आणि दोघेही नोकरीला जाणाऱ्या आईवडिलांना ते गणित सहसा जमत नाही.