तरुण खेळाडूंची संयमी जडणघडण (आइस हॉकी)

व्यावसायिक आइस हॉकी संघाने निवडलेल्या तरुण खेळाडूला घाईने मुख्य संघात न उतरवता, त्याच्या वयाला व तयारीला साजेशा स्तरावर काही वर्षे भरपूर खेळू देऊन मग टप्प्याटप्प्याने वर आणण्याची पद्धत. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग म्हणजेच एनएचएलमध्ये ती विशेष रूढ असून पुढील विवेचन मुख्यतः त्या लीगला धरून केले आहे. संयम म्हणजे नुसते थांबणे नव्हे, हे येथे प्रारंभीच नोंदवणे आवश्यक आहे. मुख्य संघाच्या जर्सीत प्रेक्षककक्षात बसून सामने पाहणारा एकोणीस वर्षांचा खेळाडूही थांबलेलाच असतो, पण त्याचा विकास होत असतो असे म्हणता येत नाही.

एनएचएलचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया, सात फेऱ्यांची असते आणि त्यात ३२ संघ प्रामुख्याने अठरा वर्षांच्या मुलांची निवड करतात. त्यांपैकी त्याच हंगामात मुख्य संघात स्थिरावणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात. याचे एक कारण उघडच शारीरिक आहे: पूर्ण वाढ झालेल्या तिशीतल्या माणसांशी मैदानाच्या कडेच्या कठड्यालगत झटापट करावी लागते. परंतु त्याहून मोठी अडचण निर्णयाच्या वेगाची असते. बचावपटूचे उदाहरण घेता येईल. प्रतिस्पर्ध्याने पक (खेळातली रबरी चकती) मागच्या कोपऱ्यात टाकला की बचावपटूला खेळाकडे पाठ वळवावीच लागते. पकपर्यंत पोहोचण्याआधी त्याने खांद्यावरून दोनदा मागे पाहून कोण किती वेगाने येत आहे, सहकारी कोठे मोकळा आहे आणि गोलरक्षक बाहेर आला आहे की नाही हे टिपायचे असते, कारण पकला काठी लागल्यानंतर विचार करायला वेळ नसतो. कनिष्ठ स्तरावर चपळ मुलगा हे न पाहताही निभावून नेतो. एनएचएलमध्ये तीच सवय दर सामन्यात अंगाशी येते, आणि ती मोडायला भाषणापेक्षा खालच्या स्तरावरचे शेकडो प्रसंगच अधिक उपयोगी पडतात.

निवडलेला खेळाडू या काळात कोठे खेळतो हे बरेचसे नियमांवर ठरते. कॅनेडियन हॉकी लीगच्या तीन कनिष्ठ लीगमधून निवडलेल्या खेळाडूला, दीर्घकाळ चालत आलेल्या करारानुसार, साधारणतः विसाव्या वर्षापर्यंत एकतर एनएचएलमध्ये ठेवावे लागे किंवा कनिष्ठ संघाकडे परत पाठवावे लागे. मधली वाट नसे. कनिष्ठ लीगमध्ये शिकण्यासारखे फारसे न उरलेला, पण एनएचएलला पुरा न पडणारा खेळाडू त्यामुळे नेमक्या नाजूक वयात कोंडीत सापडे. युरोपातून निवडलेल्यांवर असे बंधन नसल्याने ते मायदेशीच्या लीगमध्ये प्रौढांबरोबर खेळत राहू शकतात किंवा थेट दुय्यम लीगमध्ये येतात. कोंडीत नऊ सामन्यांची एक पळवाट मात्र आहे. अठरा किंवा एकोणीस वर्षांच्या खेळाडूने दहापेक्षा कमी सामने खेळल्यास त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराचे वर्ष खर्ची पडत नाही, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला त्याला नऊ सामने पारखून परत पाठवण्याची प्रथा पडली आहे. ही संयमाची कसोटी म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती पुष्कळदा हिशेबाची बाब असते.

दुय्यम स्तरावरील प्रमुख संस्था म्हणजे १९३६ साली सुरू झालेली अमेरिकन हॉकी लीग. एनएचएलच्या प्रत्येक संघाचा तेथे एक संलग्न संघ असतो. अनुभवी व्यावसायिकांनीच जागा अडवू नयेत म्हणून सामन्यात उतरणाऱ्या अठरा खेळाडूंपैकी (गोलरक्षक वगळून) किमान तेरा जण ठरावीक सामन्यांपेक्षा कमी अनुभवाचे असावेत, असा तिचा नियम आहे. संलग्न संघात मुख्य संघाचीच खेळरचना शिकवली जाते, त्यामुळे वर गेलेल्या खेळाडूला सहकारी नवे असले तरी जागा ओळखीच्या वाटतात.

मुख्य संघात आल्यावरही प्रशिक्षक नवख्याला काही काळ जपून वापरतात. खेळ थांबल्यावर शेवटचा बदल करण्याचा हक्क यजमान संघाला असतो. त्याचा उपयोग करून तरुण फळीला (एकत्र उतरणाऱ्या आक्रमकांच्या गटाला) प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम फळीसमोर येऊ दिले जात नाही, आणि तिला शक्यतो आक्रमणाच्या क्षेत्रातल्या फेसऑफसाठी (पक टाकून खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी) पाठवले जाते. परक्या मैदानावर हे छत्र निघून जाते, त्यामुळे खेळाडूची खरी तयारी तेथे अधिक स्पष्ट दिसते.

या धोरणाचे नाव निघाले की डेट्रॉइट रेड विंग्जचा उल्लेख होतोच. केन हॉलंड यांच्या व्यवस्थापनाखाली या संघाने फळ पिकल्यावरही ते काही काळ झाडावरच राहू द्यावे, असा शिरस्ता पाळला. १९९८ मध्ये १७१ व्या क्रमांकावर निवडलेला पाव्हेल दात्सुक २००१ मध्ये आणि १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर निवडलेला हेन्रिक झेटरबर्ग २००२ मध्ये संघात आला. २००८ च्या स्टॅनली कपविजयात, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदात, दोघांचा मोठा वाटा होता. मात्र हे दोघे रशिया व स्वीडनमध्ये घडले, आणि वरच्या संघात मातब्बर खेळाडूंची दाटी असल्यामुळे डेट्रॉइटला वाट पाहणे परवडत होते. जिंकणाऱ्या संघाला संयम सोपा जातो.

टँपा बे लाइटनिंगचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तेथे खेळाडूंबरोबर प्रशिक्षकही खालून वर आला. २०१२ मध्ये संलग्न नॉर्फोक अॅडमिरल्सने सलग २८ सामने जिंकून अमेरिकन हॉकी लीगचा विजेतेपदाचा काल्डर कप पटकावला तेव्हा जॉन कूपर प्रशिक्षक होते आणि २०८ व्या क्रमांकावर निवडलेला ओंद्रेय पालात व ड्राफ्टमध्ये निवडच न झालेला टायलर जॉन्सन त्यांच्या हाताखाली खेळत होते. मार्च २०१३ मध्ये कूपर यांची टँपात नेमणूक झाली, आणि २०२० व २०२१ च्या स्टॅनली कपविजेत्या संघात पालात व जॉन्सन हे दोघेही होते.

उलट टोकाला एडमंटन ऑइलर्स दाखवला जातो. २०१० ते २०१२ अशी सलग तीन वर्षे पहिल्या क्रमांकाने निवडलेले टेलर हॉल, रायन न्यूजंट-हॉपकिन्स आणि नेल याकुपोव्ह हे तिघेही थेट मुख्य संघात उतरले, तरी संघ २०१७ पर्यंत प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) पोहोचला नाही. याकुपोव्हची कारकीर्द फुलली नाही, हे खरे. परंतु हॉलने पुढे न्यू जर्सीकडून २०१८ चा हार्ट करंडक (लीगच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूचा) मिळवला आणि न्यूजंट-हॉपकिन्सने २०२२-२३ च्या हंगामात शंभरावर गुण (गोल व गोलसाहाय्य मिळून) नोंदवले. तेव्हा सगळा दोष घाईवर ढकलणे सोयीचे असले तरी पटणारे नाही. त्यांच्याभोवतीचा संघच दुबळा होता. सिडनी क्रॉस्बीने तर पहिल्याच हंगामात, २००५-०६ मध्ये, १०२ गुण केले होते.

बचावपटू आणि गोलरक्षक यांना सहसा अधिक वेळ लागतो. २०१७ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेला केल मकार त्यानंतर दोन हंगाम मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळला आणि एप्रिल २०१९ मध्ये महाविद्यालयीन अंतिम सामन्यानंतर दोनच दिवसांनी कोलोरॅडोकडून प्लेऑफमध्ये उतरून त्याने गोल केला. गोलरक्षकाची जागा एकच असल्यामुळे राखीव म्हणून बसवून ठेवण्याची किंमत त्याला सर्वाधिक मोजावी लागते. २०१२ मध्ये १३० व्या क्रमांकावर निवडलेला कॉनर हेलेबक महाविद्यालय व अमेरिकन हॉकी लीग असा प्रवास करून २०१५ मध्ये विनिपेगच्या संघात आला. त्याने पुढे २०२०, २०२४ व २०२५ मध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक मिळवला.

संयमाला मुदत असते. वय आणि खेळलेले सामने यांनुसार ठरणारी सूट संपली की खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवण्यापूर्वी वेव्हर्सवर, म्हणजे इतर संघांना खुल्या असलेल्या यादीत, ठेवावे लागते आणि मग अन्य कोणताही संघ त्याला मोबदल्याविना उचलू शकतो. म्हणून दर शरद ऋतूतील सराव शिबिराच्या अखेरीस, अजून खाली पाठवता येणारा सरस तरुण वगळून त्याच्याहून थोडा कमी पण सूट संपलेला खेळाडू संघात ठेवला जातो. २००५ पासून लागू असलेल्या वेतनमर्यादेमुळे याच्या उलटही घडते: महागड्या करारांनी जागा भरलेल्या संघाला पहिल्या करारावरचे स्वस्त खेळाडू हवे असतात, आणि पुरती तयारी न झालेला तरुण केवळ परवडतो म्हणून वर ओढला जातो.