उघड नास्तिकता

देव नाही, हे मनाशी न ठेवता चारचौघांत आणि स्वतःच्या नावानिशी सांगणे म्हणजे उघड नास्तिकता. मनातल्या अश्रद्धेहून ती वेगळी धरावी लागते, कारण धार्मिक समाज या दोहोंना फार वेगळी वागणूक देतो. ‘नसेल मानायचं तर नको मानूस, पण बोलून दाखवू नकोस’ या वडीलधाऱ्यांच्या वाक्यात या विषयाचा निम्मा इतिहास येऊन जातो.

‘नास्तिक’ या शब्दाचा प्रवास हेच दाखवतो. पाणिनीच्या ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ या सूत्रानुसार ज्याची मती ‘नाही’ अशी, तो नास्तिक. काय नाही, तर या सूत्राच्या भाष्यकारांच्या मते परलोक. मनुस्मृतीने रोख बदलला: ‘नास्तिको वेदनिन्दकः’. त्यामुळे जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसा या दर्शनांचे अनुयायी वेदप्रामाण्य मानतात म्हणून आस्तिकांत बसले, जैन आणि बौद्ध मात्र नास्तिक ठरले. ईश्वर असण्या-नसण्यापेक्षा कोणाचा अधिकार मान्य करता, हा सवाल मोठा होता. चार्वाकांनी वेद, ईश्वर आणि परलोक हे सगळेच नाकारले. त्यांची मते आज बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतूनच वाचावी लागतात.

युरोपात गप्प राहण्याची किंमत आणि बोलण्याची किंमत शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. झां मेलिए हा फ्रान्समधील एका खेड्याचा धर्मगुरू. सुमारे चाळीस वर्षे त्याने बाप्तिस्मे केले, लग्ने लावली, प्रेते पुरली. 1729 मध्ये तो वारल्यावर धर्म ही माणसाने रचलेली गोष्ट आहे, असे सांगणारे त्याचे मोठे हस्तलिखित सापडले. तो अंथरुणात मेला. पोलंडचा उमराव काझिमिएझ विशचिन्स्की याने ईश्वराच्या अनस्तित्वावर लिहिलेले टिपण मात्र तो हयात असतानाच बाहेर आले, आणि 1689 मध्ये वॉर्सात त्याचा शिरच्छेद झाला. 1697 मध्ये एडिंबरोत टॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेसाठी फाशी दिली गेली.

विशचिन्स्की मारला गेला त्याच वर्षी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याचे धार्मिक सहिष्णुतेवरील पत्र छापून निघाले. त्यात पंथोपपंथांना जागा आहे, नास्तिकाला नाही. कारण धर्मशास्त्राचे नव्हे, व्यवहाराचे: वचन, करार आणि शपथ यांचे बंधन देव न मानणाऱ्यावर चालत नाही. पापाची भीती नसलेल्याच्या शब्दाला काय किंमत, ही शंका आजही नास्तिकाबद्दलच्या अविश्वासाच्या मुळाशी असते. म्हणूनच हा वाद देवळात किंवा चर्चमध्ये कमी आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जास्त लढला गेला. इंग्लंडमध्ये 1869 पर्यंत नास्तिकाची साक्षच ग्राह्य नव्हती.

चार्ल्स ब्रॅडलॉ या उघड नास्तिक इंग्रजाचे प्रकरण म्हणूनच या विषयात सर्वांत बोलके. 1880 मध्ये तो नॉर्दम्प्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आला. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या, असे त्याने म्हटले. सभागृहाने नकार दिला. बरे, शपथ घेतो, म्हटल्यावर तीही घेऊ देईनात, कारण देवाचा उल्लेख आपल्याला निरर्थक वाटतो हे त्याने जाहीर केलेले! एक रात्र त्याला संसदेच्या घड्याळ-मनोऱ्यात कोंडले, पुढच्या वर्षी अंगातला कोट फाटेपर्यंत धक्के मारत बाहेर काढले. 1882 मध्ये त्याने खिशातून बायबलचा नवा करार काढला आणि स्वतःच स्वतःला शपथ देऊन टाकली. त्याला सभागृहातून काढले. मतदार त्यालाच पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. दरम्यान जॉन मॉर्ली हा सर्वज्ञात अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारा, 1883 मध्ये निवडून आला, गुपचूप शपथ घेऊन बाकावर बसला, आणि कोणी काही म्हटले नाही. अखेर 1886 मध्ये नव्या सभापतींनी ब्रॅडलॉला शपथ घेऊ दिली. 1888 मध्ये त्याने स्वतः पुढाकार घेऊन प्रतिज्ञेचा पर्याय देणारा कायदा करून घेतला.

भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ असे दोन्ही पर्याय आहेत. घटनेची उद्देशिका ईश्वराच्या नावाने सुरू करावी, ही घटना समितीचे सदस्य ह. वि. कामत यांची सूचना 17 ऑक्टोबर 1949 रोजी 41 विरुद्ध 68 मतांनी फेटाळली गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये सरकारी पदासाठी ईश्वरावरील श्रद्धेची अट घटनाबाह्य ठरवली. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षाला मात्र पद घेताना सर्वशक्तिमान ईश्वराचे नाव घ्यावेच लागते.

सगळीकडे प्रश्न शपथेपुरता उरलेला नाही. सौदी अरेबियाने 2014 मध्ये नास्तिक विचारांचा प्रसार दहशतवादाच्या व्याख्येत बसवला. 2015 मध्ये ढाक्यात नास्तिक लेखक अविजित रॉय यांना भर रस्त्यात मारले गेले. उलट अल्बानियाने 1967 पासून धर्मालाच बंदी घातली होती. त्या बंदीला उघड नास्तिकता म्हणणे चूक आहे. सत्तेच्या हुकमाने नास्तिक होण्यात उघडपणे बोलण्याचे धाडस कुठून येणार?

ब्रॅडलॉ 1891 च्या जानेवारीत वारला. तो हिंदुस्थानच्या बाजूने संसदेत बोलत असे, म्हणून लंडनमधले अनेक हिंदी लोक अंत्यविधीला गेले. त्यांत कायद्याचा अभ्यास करणारे तरुण मोहनदास गांधीही होते. परतताना स्टेशनवर एका नास्तिकाने एका पाद्र्याला गाठले आणि तुमचा देव केवढा आहे, राहतो कुठे, असे सर्वांदेखत विचारले. पाद्री म्हणाला, तो आपल्या दोघांच्या हृदयात राहतो. प्रश्नकर्त्याने विजयी नजरेने भोवती पाहिले. गांधींनी आत्मकथेत नोंदवले आहे की, त्या संवादाने नास्तिकतेबद्दलची त्यांची अढी वाढली.