युरो एक, पण बँक कुठल्या देशातली? युरोझोनच्या अर्धवट एकीची पार्श्वभूमी

१६ मार्च २०१३, शनिवार. युरो वापरणाऱ्या देशांच्या गटातल्या, म्हणजे युरोझोनमधल्या, सायप्रसचे लोक सकाळी उठले तर बातमी अशी की बुडत्या बँका सावरायला रात्री ब्रसेल्समध्ये, युरोपियन युनियनच्या मुख्यालयी, ठरलंय, बँकेतल्या प्रत्येक ठेवीवर एकदाच कर कापणार. १ लाख युरोपर्यंतच्या ठेवीवर ६.७५ टक्के, त्याच्या वर ९.९ टक्के. आणि १ लाखापर्यंतच्या ठेवीला तर विमा होता! लोक एटीएमकडे धावले. १९ तारखेला तिथल्या संसदेनं तो कर फेटाळला, बाजूनं एकही मत पडलं नाही. मग दुसरा तोडगा निघाला, छोट्या ठेवी वाचल्या, लायकी (Laiki) नावाची तिथली मोठी बँक बंद करायचं ठरलं आणि बँक ऑफ सायप्रसमधल्या १ लाखावरच्या रकमेचे शेवटी ४७.५ टक्के शेअरमध्ये बदलले. बँका उघडल्या २८ मार्चला, तेही दिवसाला ३०० युरोच काढायचे आणि परदेशी जाताना सोबत १००० युरोच न्यायचे या अटीवर. पैसे बाहेर पाठवण्यावरचे निर्बंध पूर्ण उठायला एप्रिल २०१५ उजाडलं. म्हणजे नोट तीच, ती छापणारी फ्रँकफर्टची युरोपियन सेंट्रल बँकही तीच, पण सायप्रसची राजधानी निकोसियाच्या खात्यातला युरो आणि म्युनिकच्या खात्यातला युरो दोन वर्षं सारखे नव्हते.

हे काही सायप्रसच्या एकट्याच्या उधळेपणानं झालं नाही, आणि याचं मूळ शोधायचं तर बरंच मागं जावं लागतं.

१९७० साली लक्झेंबर्गचे पंतप्रधान पिएर वेर्नर यांच्या समितीनं दहा वर्षांत आर्थिक आणि चलनी एकी करायचा आराखडा दिला. त्यात नुसतं चलन नव्हतं, आर्थिक धोरण ठरवणारं एक सामायिक केंद्र असावं असं पण होतं. पण १९७१ मध्ये डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तुटलं, १९७३ ला तेलाचा भडका उडाला, आराखडा बासनात गेला. पुढं १९८९ ला एका चलनाबद्दल डेलॉर समितीचा अहवाल आला (डेलॉर तेव्हा युरोपियन कमिशनचे अध्यक्ष होते) तेव्हा भांडण जुनंच होतं: फ्रान्सकडचे लोक म्हणत आधी चलन एक करा बाकी आपोआप जुळत येईल, आणि जर्मन लोक म्हणत आधी अर्थव्यवस्था जुळू दे, चलन सगळ्यात शेवटी. खुद्द चान्सलर हेल्मुट कोल १९९१ मध्ये जर्मन संसदेत बोलले होते की राजकीय एकीशिवाय चलनाची एकी टिकणार नाही.

युरो आणायचं ठरलं त्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात काय झालं तर चलन मिळालं, राजकीय एकी राहून गेली. तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांत आणि कर्ज ६० टक्क्यांत ठेवा, एकमेकांची कर्जं फेडायची नाहीत, आणि टॅक्स, पेन्शन, पगाराच्या वाटाघाटी, दिवाळखोरीचे कायदे, बँकांवरची देखरेख, हे सगळं ज्याचं त्यानं बघायचं. करारात एक बारीक कलम मात्र होतं की सगळ्या सरकारांचं एकमत झालं तर देखरेखीची काही कामं युरोपियन सेंट्रल बँकेकडे देता येतील. वीसेक वर्षं ते तसंच पडून राहिलं, आणि मला वाटतं या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महाग पडलेली दिरंगाई हीच.

१९९९ ला ११ देशांत युरो आला, २००२ ला नोटा हातात आल्या आणि फरक दिसेनासे झाले, कारण ग्रीसच्या सरकारलाही जवळजवळ जर्मनीच्याच व्याजानं कर्ज मिळायला लागलं. स्पेन, आयर्लंडमध्ये घरबांधणीला ऊत आला, पैसा जर्मन आणि फ्रेंच बँकांचा, देखरेख मात्र माद्रिद आणि डब्लिनची. नियम तरी पाळले का? २००३ मध्ये जर्मनी आणि फ्रान्सनीच ३ टक्क्यांची रेघ ओलांडली आणि कारवाई मंत्र्यांच्या बैठकीत स्थगित झाली, मग लहान देशांना कुठल्या तोंडानं सांगणार.

सप्टेंबर २००८ मध्ये आयरिश सरकारनं आपल्या सहा बँकांच्या जवळपास सगळ्या देण्यांची हमी घेतली आणि २०१० ला त्यांची तूट जीडीपीच्या ३२ टक्क्यांवर गेली. बँक बुडाली की सरकार बुडतं. ग्रीसमध्ये उलटं, सरकार बुडालं आणि बँका ओढल्या गेल्या. मार्च २०१२ मध्ये ग्रीक सरकारच्या रोख्यांच्या, म्हणजे कर्जाच्या कागदांच्या, दर्शनी किमतीतून निम्म्याहून जास्त रक्कम कापली गेली, ते रोखे सायप्रसच्या बँकांनी पोत्यानं घेतलेले होते, आणि या बँकांचा पसारा देशाच्या अर्थव्यवस्थेच्या सातपट वगैरे, तर सायप्रस सरकार त्यांना वाचवणार कशाच्या जोरावर? युरोपियन युनियनचं सामायिक बजेट सगळं मिळून उत्पन्नाच्या साधारण १ टक्का, त्यातून काही होणार नव्हतं.

जून २०१२ च्या शिखर बैठकीत एकदाचं मान्य झालं की बँका आणि सरकारं यांचं हे दुष्टचक्र तोडायला हवं. ते पडून असलेलं कलम तेव्हा बाहेर निघालं. नोव्हेंबर २०१४ पासून शंभराहून जास्त मोठ्या बँका थेट फ्रँकफर्टच्या देखरेखीखाली आल्या, २०१६ पासून बुडणारी बँक मोडीत काढायचं सामायिक मंडळ ब्रसेल्समध्ये कामाला लागलं. ही खरी मोठी झेप आहे, आधीच्या वीस वर्षांत असं काही झालं नव्हतं.

पण कायदे देशोदेशीचेच राहिले, आणि ते कसं आडवं येतं हे जून २०१७ मध्ये दिसलं. स्पेनची बांको पोपुलार बुडायला आली, सामायिक मंडळानं एका रात्रीत ती १ युरोला सांतांदेर या मोठ्या स्पॅनिश बँकेला विकली, शेअरवाल्यांचं सगळं गेलं, सरकारी तिजोरीतून काही गेलं नाही. त्याच महिन्यात इटलीच्या व्हेनेतो भागातल्या दोन बँका बुडाल्या, तिथं मंडळानं हात घातला नाही, मग इटलीनं आपल्याच दिवाळखोरी कायद्यानं त्या मोडल्या, चांगला भाग इंतेसा या मोठ्या इटालियन बँकेला १ युरोला गेला आणि वर इटलीच्या सरकारनं ४ अब्ज युरोंहून जास्त रोख घातले. एकच देखरेख, एकच महिना, आणि बिल भरणारे वेगळे.

ठेव विमा तर अजून अडकलेलाच. आपल्याकडे ५ लाखांपर्यंतचा विमा देशभर एकच, बँक कोल्हापूरची असो की कोलकात्याची, त्या राज्याच्या तिजोरीत किती आहे याच्याशी ठेवीदाराला देणंघेणं नसतं. युरोझोनमध्ये १ लाख युरो हा आकडा सगळीकडे सारखा, पण पैसे द्यायचा फंड ज्या त्या देशाचा. सामायिक विम्याचा प्रस्ताव युरोपियन कमिशननं नोव्हेंबर २०१५ मध्ये मांडला. जर्मनीचं म्हणणं, आधी बँकांनी बुडीत कर्जं साफ करावीत आणि आपल्याच सरकारचे रोखे ढिगानं ठेवणं कमी करावं, नाहीतर आमच्या ठेवीदारांनी इतरांची भरपाई का करायची. मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण इटलीला रोख्यांवरची ती मर्यादा नको आहे, कारण तिचे रोखे घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांत तिच्याच बँका येतात. शिवाय बुडणाऱ्या बँका मोडीत काढायच्या सामायिक फंडाला मागून आधार देणारी करारदुरुस्ती डिसेंबर २०२३ मध्ये इटलीच्या संसदेनं फेटाळली, बाकी सगळ्या युरो देशांनी ती तोवर मंजूर केलेली होती.