युफोनियमचा माउथपीस: कपचा साइझ वेगळा, शँकचा साइझ वेगळा

युफोनियम हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, आणि माउथपीस म्हणजे ओठ लावून फुंकायचा त्याचा सुटा भाग. "युफोनियमला लार्ज माउथपीस घेऊ का स्मॉल?" असं कोणी विचारलं की उत्तरांचा नुसता गोंधळ होतो, कारण निम्मे लोक कपबद्दल बोलत असतात आणि निम्मे शँकबद्दल, आणि दोघांनाही वाटतं आपण एकाच गोष्टीवर बोलतोय.

कप तुम्हाला माहितीच आहे. ओठ टेकतात तो भाग, रुंद-अरुंद, खोल-उथळ. युफोनियमला जरा खोल कपच हवा, १२सी या मॉडेलसारख्या उथळ कपावर आवाज पातळ येतो आणि मला तो अजिबात आवडत नाही. कप आपल्या ओठांवर ठरवायचा, आवडला नाही तर बदलायचा, एवढंच.

शँक म्हणजे खालची दांडी, जी वाद्याच्या रिसीव्हरमध्ये (माउथपीस बसतो त्या नळीच्या तोंडात) शिरते. इथे आवडनिवड हा विषयच नाही, वाद्य जी मागेल तीच द्यायची. स्मॉल शँकचं टोक बाहेरून साधारण ११ मिमी, लार्जचं साधारण १२.७, आणि मिडियम (हिलाच युरोपियन म्हणतात) या दोघींच्या मधे. यामाहाच्या वायईपी-३२१ या युफोनियमला स्मॉल लागते, वायईपी-६४२ ला लार्ज, आणि बेसन (Besson) कंपनीचे बरेच जुने युफोनियम मिडियमवाले आहेत, त्यामुळे "बेसन आहे म्हणजे लार्जच" असं सेकंडहँड घेताना धरून चालू नका.

आता खरी गोची नावांमध्ये आहे. डेनिस विक, बाख, शिल्के या माउथपीस बनवणाऱ्या कंपन्या. विकच्या ४एएल या मॉडेलमधला एल म्हणजे लार्ज शँक, ४एएम मधला एम म्हणजे मिडियम शँक. मग माणूस बाख ६½एएल बघतो आणि म्हणतो हा पण लार्ज. नाही! बाखच्या त्या एलचा शँकशी काही संबंध नाही, ६½एएल स्मॉल शँकमध्येही मिळतो आणि लार्जमध्येही, तेव्हा ऑर्डर देताना शँक वेगळी सांगावीच लागते. आकड्यांचंही तसंच, बाख आणि विकमध्ये आकडा लहान म्हणजे कप मोठा, शिल्केमध्ये उलटं, म्हणून ५१डी वाचून घाबरू नका, तो रुंदीला बाख ५जी च्या आसपासच आहे.

आमच्या बँडमधल्या एका मुलाने सगळे कौतुक करतात म्हणून ३२१ साठी ४एएल घेतला. दोन आठवडे बिचारा सुरापेक्षा खालीच वाजत होता, ट्युनिंग स्लाइड (सूर जुळवायला आत-बाहेर सरकवायची नळी) पूर्ण आत ढकललेली तरी सूर लागेना आणि सगळे त्याच्या ओठांना दोष देत होते. मी माउथपीस हातात घेऊन बघितला तर दांडीचं जेमतेम टोक आत गेलेलं, बाकी सगळी बाहेर, म्हणजे नळीच तेवढी लांब झालेली. स्मॉल शँकचा ६½एएल लावल्यावर त्याच स्लाइडला बाहेर ओढावं लागलं.

त्यामुळे आधी वाद्य तपासा. माउथपीस हलक्या हाताने आत घाला आणि कपाला दोन बोटांनी धरून आडवा हलवून बघा. बरोबर शँक साधारण २५ मिमी आत जाते आणि तसूभरही हलत नाही. लार्ज रिसीव्हरमध्ये स्मॉल शँक खूप आत जाते आणि टोक आत खुळखुळतं. मिडियम रिसीव्हर मात्र फसवतो, स्मॉल थोडी जास्त आत, लार्ज थोडी बाहेर, दोन्ही बसल्यासारख्या वाटतात आणि मग सूर एकमेकांशी जुळत नाहीत.

स्मॉल शँक लार्ज रिसीव्हरमध्ये बसवायला अडॅप्टर मिळतो, तात्पुरता ठीक आहे. उलटं काही होत नाही. आणि दांडीला टेप गुंडाळणं किंवा कानशीने घासणं कृपा करून बंद करा, चांगले माउथपीस असे कायमचे वाया गेलेले बघवत नाहीत.

ट्रॉम्बोनचा चालतो का? शँक जुळली तर चालतो. सिल्व्हर का गोल्ड प्लेटिंग? ओठांना जे बरं वाटेल ते.