पार्श्वभूमी : राउटरवरचं कंट्रोल-पी आलं कुठून?

सांगलीच्या ऑफिसात बसून जतच्या टॉवरवरचा सिस्को कंपनीचा राउटर दुरून उघडलाय. मागची कमांड परत हवी म्हणून वरचा बाण दाबला, तर स्क्रीनवर कंस आणि अक्षरांचा कचरा. कंट्रोल-पी दाबलं की तीच कमांड निमूट येते.

आस्कीच्या तक्त्यात, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतात, 'पी'चा क्रमांक ८०. कंट्रोलसोबत दाबला की त्यातून ६४ वजा होऊन १६ उरतात, म्हणजे एकच बाइट जातो. बाणाची कळ मात्र १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनलच्या (संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड) पद्धतीने तीन बाइट पाठवते: एस्केप, चौकोनी कंस आणि 'ए'. तुमचा टर्मिनल प्रोग्रॅम आणि राउटर यांचं त्या तिघांवर जमलं नाही की बाण गेला कामातून.

कंट्रोलसोबत पी मागची ओळ, एन पुढची, ए ओळीच्या सुरुवातीला, ई शेवटाला ही अक्षरं १९७६च्या सुमारास एमआयटीत घडलेल्या ईमॅक्स एडिटरची. प्रश्नचिन्ह टाकून पर्याय विचारायची सोय डेक या संगणक कंपनीच्या टॉप्स-२० प्रणालीत होती. लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी १९८४ मध्ये सिस्को काढली ती स्टॅनफर्ड विद्यापीठातून, आणि तिथे डेकची यंत्रं रोजच्या वापरातली. सिस्कोच्या कमांड लाइनला ते वळण लागलं यात नवल नाही.

कंट्रोल-आरचा गोंधळ इथलाच. लिनक्सवाला जुनी कमांड शोधायला ते दाबतो आणि राउटर हातातलीच ओळ पुन्हा छापतो. कागदावर छापणाऱ्या टर्मिनलवर खोडलेलं अक्षर पुसलं जात नसे, म्हणून ओळ स्वच्छ छापून घ्यायची ही सोय. आजही राउटरच्या नोंदींचा (लॉगचा) मेसेज मधेच घुसून ओळ फाटली की तीच कामी येते. कायमचा इलाज हवा तर कॉन्फिगमध्ये 'लाइन कन्सोल ०' (राउटरला थेट लावलेली जोडणी) खाली 'लॉगिंग सिंक्रोनस' टाका.

सिस्कोत मुळात शेवटच्या १० कमांडच लक्षात राहतात. 'टर्मिनल हिस्टरी साइज २५६' दिलं की कमाल मर्यादा मिळते, पण त्या सेशनपुरतीच. टिकवायची तर लाइनखाली 'हिस्टरी साइज' लिहून कॉन्फिग सेव्ह करा. कॉन्फिग मोडची (सेटिंग बदलायच्या अवस्थेची) हिस्टरी वेगळी असते, त्यामुळे तिथे गेल्यावर माहिती दाखवणाऱ्या 'शो'च्या जुन्या कमांड सापडत नाहीत. त्या पुसल्या गेलेल्या नसतात.

खरा घात करतं कंट्रोल-झेड. डेकच्या जगात त्याचा अर्थ 'लिहून झालं, आता घ्या'. म्हणून कॉन्फिग मोडमध्ये अपलिंकच्या (ऑफिसकडे येणाऱ्या जोडणीच्या) इंटरफेसखाली 'शटडाउन' टाइप केलं, विचार बदलला आणि बाहेर पडायला कंट्रोल-झेड दाबलं, तर ती ओळ आधी लागू होते. जोडणीच तुटते, मग जतला माणूस पाठवा! ओळ टाकून द्यायची असेल तर कर्सर शेवटी असताना कंट्रोल-यू, नाहीतर सरळ कंट्रोल-सी.

रॅकमध्ये शेजारी मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर आणखी एक. सिस्कोत कंट्रोल-एक्स कर्सरच्या डावीकडचं खोडतं. मायक्रोटिकवर त्याने सेफ मोड सुरू होतो. लक्षात न येता तो लागला आणि नुसती खिडकी बंद केली, तर तासाभराचे बदल मागे फिरतात. प्रॉम्प्टवर 'सेफ' दिसतंय का बघा. दिसलं तर बंद करण्याआधी कंट्रोल-एक्स पुन्हा एकदा.