जेलमधून सुटलेल्याला कामावर ठेवणे गुन्हा नाही

तुरुंगातून सुटलेल्याला कामावर ठेवले की मालकच पोलिसांच्या कचाट्यात सापडतो, हा समज जळगावच्या डाळमिलपासून धुळ्याच्या एमआयडीसीपर्यंत पक्का बसला आहे. असा सरसकट मनाई करणारा कायदा नाही. चटईचा कारखानदार असो वा केळीच्या गाड्या भरणारा व्यापारी, त्याला मोकळीक आहे.

सरकारी नोकरीत निकष कडक आहेत. तेथेही अर्जातील ‘गुन्हा दाखल आहे काय?’ या रकान्यात, कुणाच्या तरी सल्ल्याने, ‘नाही’ लिहिणे अनेकदा मूळ गुन्ह्याहून महागात पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात माहिती खरी देण्यास सांगितले. मात्र खरे सांगितले म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही. परिविक्षेवर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या अटीवर, सुटलेल्यांना १९५८ च्या अपराधी परिविक्षा कायद्याचे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून संरक्षण देते.