कटच्या ग्रेडमधला 'एक्सलंट' इतका रुंद का?

हिऱ्याची चमक कटवर, म्हणजे पैलूंचे कोन आणि मापं यांवर ठरते हे आता गल्लीतला सोनारपण सांगतो आणि 4 सी (कट, कलर, क्लॅरिटी, कॅरेट) सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून ते सोडून देतो.

जुनं पटकन उरकतो. आपल्याकडे पूर्वी पैलू पाडताना वजन राखण्यावर भर असायचा. कोहिनूर 1851 ला लंडनच्या प्रदर्शनात ठेवला तर लोक हिरमुसले, हा तर चमकतच नाही, मग 1852 ला तो परत घासला आणि 191 चा 105.6 कॅरेट उरला. वजन ठेवायचं की चमक, हे भांडण अजून तेच आहे.

1919 मध्ये बेल्जियमच्या एका तरुण इंजिनिअरने लंडनमध्ये गणित मांडलं. हिऱ्याच्या आत प्रकाश पैलूवर लंबापासून 24.4 अंशांपेक्षा जास्त तिरका पडला तर बाहेर न निसटता उलटा फिरतो, त्यावरून त्याने टेबल (वरचा सपाट पैलू) हिऱ्याच्या रुंदीच्या 53%, वरच्या भागाचा म्हणजे क्राऊनचा कोन 34.5 अंश आणि खालचा पॅव्हिलियनचा 40.75 काढला. यालाच पुढे 'आयडियल' म्हणायला लागले. पण गणित सपाट कागदावरचं होतं, गर्डलची, म्हणजे या दोन भागांमधल्या कडेची जाडी त्यात नव्हतीच, आणि बोस्टनचा एक कारागीर काही दशकं आधीच जवळपास तिथे पोचला होता, त्याचं नाव कोणी घेत नाही.

खरी गंमत 2006 ची. अमेरिकेतली हिरे तपासून रिपोर्ट देणारी एक छोटी लॅब 1996 पासून कटला ग्रेड देत होती, सगळ्यात मोठी लॅब मात्र गप्प होती. ती शेवटी 2006 ला उतरली तेव्हा गोल हिऱ्यांना पाच ग्रेड आल्या आणि वरच्या 'एक्सलंट'मध्ये क्राऊन 31.5 ते 36.5, पॅव्हिलियन 40.6 ते 41.8 एवढं सगळं मावलं. अर्थात कुठलीही जोडी चालते असं नाही, एक चढला की दुसरा उतरायला हवा, तरी 35.5 बरोबर 41.2 सारखे वरून उभे खालून खोल दगड आरामात पास होतात, आणि त्यांच्यात टेबलच्या कडेखालून प्रकाश गळतो, तिथे काळपट कडं दिसतं. लॅबचं म्हणणं असं की दोन हजारांवर हिरे माणसांना दाखवले, लोकांना वेगवेगळ्या जोड्या आवडल्या, म्हणजे चांगला कट एकच नसतो. मुद्दा चूक नाही. पण रिपोर्टवरचे कोन आठ बाजूंची सरासरी असतात, त्यात क्राऊन जवळच्या 0.5 अंशाला आणि पॅव्हिलियन 0.2 अंशाला राउंड केलेला, म्हणजे आकडे बघूनही नक्की काय ते कळत नाही.

आणि याचा फायदा कोणाला? सुरतेत रफचं, म्हणजे कच्च्या हिऱ्यातून काय काढायचं याचं प्लॅनिंग सॉफ्टवेअरवर होतं. 0.96 कॅरेटचा एकदम छान दगड आणि 1.00 चा जरा खोल दगड, दोन्ही एक्सलंट असतील तर कारखानदार कुठला काढेल? एक कॅरेटला भाव उडी मारतो, त्यामुळे खोलच निघतो. कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही, पट्टीच तेवढी लांब दिलीये.

2022 ला ती छोटी लॅब बंद झाली आणि तिची कडक 'आयडियल' पद्धत मोठ्या लॅबकडेच गेली. आता ती जोड-रिपोर्ट म्हणून मिळते, तीही वेगळी मागितली तर. मेन रिपोर्टवर अजून एक्सलंटच.